दहा सेकंदांची थंडी

एप्रिल २०१७. न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाच्या निमित्तानं डॉज कंपनीनं ‘चॅलेंजर एसआरटी डीमन’ ही गाडी लोकांसमोर आणली. आकडे डोळे विस्फारायला लावणारे होते. शर्यतीचं पेट्रोल भरलं तर ८४० हॉर्सपॉवर, पाव मैल ९.६५ सेकंदांत, आणि सुटताना पुढची दोन्ही चाकं जमीन सोडणार. चालकाशेजारची सीट मुळात दिलेलीच नव्हती. हवी असेल तर एक डॉलर मोजायचा. अशा ३,३०० गाड्या बनणार होत्या, ३,००० अमेरिकेसाठी आणि ३०० कॅनडासाठी. या सगळ्या दणदणाटात एक करामत मात्र बॉनेटखाली गुपचूप बसली होती. ड्रॅग मोड लावला की गाडीचा एसी आतल्या माणसाला गार वारा देणं थांबवतो आणि आपली सगळी थंडी इंजिनाकडे वळवतो. चालकानं घाम पुसत बसायचं आणि थंडी खायची ती इंजिनात शिरणाऱ्या हवेनं.

डॉजनं या व्यवस्थेला नाव दिलं ‘पॉवर चिलर’. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीत अशी सोय पहिल्यांदाच मिळत होती. पण कल्पना जुनी होती. ड्रॅग रेसिंग, म्हणजे सरळ पट्ट्यावरची छोटी शर्यत, करणारी माणसं कितीतरी वर्षं बर्फाच्या पिशव्या घेऊन हेच करत आली होती. बाहेरून बघणाऱ्याला ही शर्यत आग, धूर आणि जळत्या रबराची वाटते. आत शिरलं की कळतं, इथं निम्मी लढाई गारव्याची आहे. ती लढाई हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही, तोवर ती बहुतेक संपलेली असते.

पाव मैलाचं जग

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांची इंजिनं उपसून वेगवान ‘हॉट रॉड’ बनवण्याचं वेड पसरलं. पोरं रस्त्यावरच शर्यती लावायची, अपघात व्हायचे, पोलीस मागे लागायचे. १९५० साली सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे भरून रीतसर शर्यत लावण्याची सोय झाली. १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’, म्हणजे एनएचआरए, स्थापन केली आणि या वेडाला नियम, वर्ग आणि सुरक्षेची चौकट मिळाली. दोन गाड्या शेजारी शेजारी, सरळ पट्टा, अंतर १,३२० फूट म्हणजे साधारण ४०२ मीटर. १९६३पासून सुरुवातीचा इशारा झेंड्याऐवजी दिव्यांच्या खांबावरून मिळू लागला. त्याला तिथं ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात.

शर्यत दहा सेकंदांची. बाकी दिवस वाट बघण्यात जातो. गाडी पिटमध्ये, म्हणजे आपल्या तळावर, उभी असते, मग नाव पुकारलं की रांगेत लागते, रांग इंचाइंचानं पुढे सरकते, मध्येच कोणाच्या तरी गाडीतून तेल सांडतं आणि पट्टा साफ होईपर्यंत सगळे खोळंबतात. वर ऊन, खाली तापलेलं डांबर आणि बॉनेटखाली नुकतंच बंद केलेलं इंजिन. इंजिन चालू असताना पाणी फिरत असतं, हवा खेळत असते. ते बंद केलं की धातूत मुरलेली उष्णता आजूबाजूच्या सगळ्या भागांत झिरपत जाते. व्ही-आठ इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खाचेत सुपरचार्जर बसवलेला असेल तर तो या भट्टीच्या बरोबर मधोमध सापडतो. रेसर याला ‘हीट सोक’ म्हणतात. पहिली धाव उत्तम, दुसरी ढिली, तिसरी आणखी ढिली, ही तक्रार बहुतेक वेळा याच मुरलेल्या उष्णतेची असते.

गार हवा का हवी?

इंजिनाची ताकद शेवटी किती ऑक्सिजन आत गेला यावर ठरते. पेट्रोल हवं तितकं ओतता येतं. हवा मात्र सिलिंडरमध्ये मावेल तेवढीच. हवा गार झाली की आक्रसते आणि तेवढ्याच जागेत जास्त मावते. दाब तोच ठेवून ६० अंशांची हवा ३० अंशांवर आणली तर त्याच आकारमानात जवळपास १० टक्के जास्त हवा बसते. हिशोब निरपेक्ष तापमानाचा, ३३३ केल्विनवरून ३०३ केल्विन.

सुपरचार्जर हे दुखणं वाढवतो. तो पट्ट्यानं फिरणारा हवेचा पंप. बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. डीमनमध्ये हा दाब १४.५ पीएसआयपर्यंत जातो, म्हणजे वातावरणाच्या दाबावर जवळजवळ तेवढाच आणखी एक दाब. हवा दुप्पट दाबली की ती तापणारच. बाहेर ३० अंश असतील तर एकही घट-तूट नसलेल्या आदर्श पंपातूनसुद्धा ती ९५ अंशांच्या आसपास बाहेर पडेल. खरा पंप आदर्श नसतो, त्यामुळे १२० अंशांची हवा गृहीत धरणं वावगं नाही. दाबून जे कमावलं त्यातलं बरंच तापून गमावलं, असा हा प्रकार.

गरम हवेचा दुसरा फटका अधिक जाचक असतो. ठिणगी पडल्यावर ज्योत सिलिंडरभर पसरत जायला हवी. मिश्रण आधीच तापलेलं असेल तर ज्योत पोचण्यापूर्वीच उरलेला भाग आपोआप भडकतो. मेकॅनिक म्हणतो, ‘इंजिन नॉक करतंय.’ पूर्ण ताकदीवर असा नॉक पिस्टनला भोक पाडू शकतो. म्हणून आजचा इंजिनाचा कॉम्प्युटर धोका ओळखून टायमिंग मागे घेतो, ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण ताकद जाते. गरम हवेनं अशी दुहेरी वसुली होते.

या ताकदीचं सेकंदांत किती होतं? रेसर वापरतात त्या ढोबळ सूत्रानुसार पाव मैलाची वेळ ही वजन आणि ताकदीच्या गुणोत्तराच्या घनमुळाप्रमाणे बदलते. ताकद १० टक्के वाढली तर वेळ साधारण ३ टक्के घटते. दहा सेकंदांची गाडी ९.७च्या आसपास येते. ज्या खेळात हार-जीत हजाराव्या भागावर ठरते तिथं ०.३ सेकंद म्हणजे कित्येक गाड्यांच्या लांबीचं अंतर.

बर्फवाले

सुपरचार्जर नसलेल्या गाड्यांच्या वर्गात आजही जुना उपाय चालतो. गाडी रांगेत उभी असते, बॉनेट उघडं असतं. इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे हवा सिलिंडरांकडे वाटून देणाऱ्या ॲल्युमिनियमच्या भागावर, जाड टॉवेल टाकलेला असतो आणि त्यावर बर्फाच्या पिशव्या दाबून बसवलेल्या असतात. इंजिन बंद, पण बॅटरीवरचा पाण्याचा पंप आणि पंखा घुमत असतात. कोणीतरी वाकून वितळलेलं पाणी फडक्यानं टिपत राहतं, कारण ते टपकत मागच्या टायरखाली गेलं तर सुटतानाच चाक घसरेल. पुढची जोडी सुटली की पिशव्या भराभर उचलल्या जातात, मॅनिफोल्ड कोरडं पुसलं जातं, बॉनेट बंद होतं आणि मग इंजिनाला चावी बसते.

गंमत अशी की याच इंजिनाचं तेल गरम हवं असतं. गार तेल घट्ट असतं, ते ढवळण्यात ताकद वाया जाते. म्हणून काही जण वरून बर्फ ठेवतात आणि खाली तेलाच्या टाकीला हीटर लावतात. हवा गार, तेल गरम, पाणी मधल्या ठरावीक तापमानाला. ड्रॅग रेसरला सरसकट गार इंजिन नकोच असतं. कुठला भाग किती गार हवा याची त्याची यादी पाठ असते.

सुपरचार्जर असलेल्या गाडीत हवा आणि इंजिन यांच्यामध्ये पाण्याचा इंटरकूलर असतो. तापलेली हवा त्याच्या पातळ पत्र्यांमधून जाते आणि आपली उष्णता आत फिरणाऱ्या पाण्याला देते. रस्त्यावरच्या गाडीत ते पाणी पुढच्या छोट्या रेडिएटरमध्ये गार होतं. पण रेडिएटर पाण्याला बाहेरच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. रेसरनं यावर तोडगा काढला तो डिकीतल्या टाकीचा. टाकीत बर्फ आणि पाणी, एक पंप, पुढपर्यंत जाणारे दोन पाइप. धाव संपली की कोमट पाणी काढून टाकायचं आणि नवा बर्फ ओतायचा.

बर्फाची ताकद त्याच्या वितळण्यात आहे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. तेवढीच उष्णता एक किलो पाण्याला दिली तर ते ८० अंशांनी तापेल. बर्फ मात्र पूर्ण वितळेपर्यंत शून्यावरच ठाण मांडून बसतो. आजही निव्वळ ताकदीच्या हिशोबात बर्फाच्या टाकीला हरवणं अवघड आहे. तिची अडचण इतकीच की दर धावेला बर्फ लागतो, टाकीचं वजन वाहावं लागतं आणि घरापासून मैदानापर्यंत गाडी चालवत आणणाऱ्याला हे झेपत नाही.

एसीचा हिशोब

चिलर इथं उपयोगी पडतो. गाडीच्या एसीत कॉम्प्रेसर गॅस दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर जाऊन द्रव होतो, मग बारीक झडपेतून सुटताना त्याचा दाब एकदम पडतो आणि तो उकळायला लागतो. गाड्यांत अनेक वर्षं वापरला गेलेला आर-१३४ए हा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. उकळताना तो भोवतालची उष्णता खेचतो. एरवी ही उष्णता केबिनमधल्या हवेची असते. चिलरमध्ये तो गॅस एका छोट्या धातूच्या ठोकळ्यातून जातो आणि त्याच ठोकळ्याच्या शेजारच्या वाटांमधून इंटरकूलरचं कूलंट वाहतं. डीमनमध्ये हे कूलंट आधी पुढच्या रेडिएटरमध्ये बाहेरच्या हवेनं गार होतं, नंतर चिलरमध्ये आणखी गार होतं आणि तिथून सुपरचार्जरमधल्या इंटरकूलरकडे जातं.

हा विचार डॉजच्या आधीही झाला होता. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फोर्डनं ‘सुपरकूलर’ या नावानं अशीच व्यवस्था एका पिकअपच्या प्रायोगिक रूपात दाखवली होती. बाजारात ती आली नाही. दरम्यान छोट्या कंपन्यांनी जुन्या गाड्यांना लावता येतील असे संच विकायला सुरुवात केली. अमेरिकेत ‘किलर चिलर’ हे नाव त्यातूनच परिचयाचं झालं.

पण गाडीचा एसी एवढ्या हवेला पुरा पडेल का? हिशोब मांडून बघू. आठशे हॉर्सपॉवरच्या पुढचं इंजिन पूर्ण ताकदीवर सेकंदाला साधारण ०.६ किलो हवा ओढतं. ती १२० अंशांवरून ५० अंशांवर आणायची तर सेकंदाला सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, म्हणजे ४२ किलोवॉट. एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॉट उष्णता काढतो. म्हणजे बारा टनांची यंत्रणा हवी. गाडीचा एसी दीड टनाच्या आसपास. आठ एसींचं काम एकाकडून होणार नाही, हे उघड आहे. त्यात बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर पाय पूर्ण दाबला की एसीचा कॉम्प्रेसरच बंद करतो, कारण तो फिरवायलाही इंजिनाची ताकद लागते. ऐन धावेत थंडी बनवणारं यंत्र झोपलेलं असतं!

तरीही चिलर चालतो, कारण शर्यत दहा सेकंदांची आहे. आपल्याकडच्या सोसायटीत नळाला पाणी तासभर बारीक धारेनं येतं आणि गच्चीवरची टाकी भरून ठेवते. सकाळी सगळ्या घरांचे नळ एकदम सुटतात तेव्हा पाणी पुरतं ते टाकीमुळे, नळामुळे नाही. चिलर हा तो नळ आणि कूलंट ही ती टाकी. समजा १० लिटर कूलंट आहे. चिलरनं ३ किलोवॉटच्या बारीक धारेनं ते ३० अंशांनी गार करायला साधारण सहा मिनिटं लागतील. धातू, पाइप आणि उन्हाचा वाटा धरला तर आणखी थोडा वेळ. रांगेत तेवढा वेळ जातोच. मग दहा सेकंदांच्या धावेत इंजिनाची हवा त्यात ४२० किलोज्यूल ओतते आणि तेच १० लिटर फक्त १२ अंशांच्या आसपास तापतात. टाकी रिकामी होण्याआधी शर्यत संपलेली असते.

धाव संपल्यावरचा वेळही असाच कामाला लावता येतो. डीमनमध्ये ‘आफ्टर-रन चिलर’ म्हणून आणखी एक सोय आहे. इंजिन बंद केल्यावरही पंखा आणि सुपरचार्जरच्या कूलंटचा पंप चालूच राहतात. चालकासमोरच्या पडद्यावर त्या कूलंटचं तापमान दिसतं. गाडी गप्प उभी असते, आकडा हळूहळू उतरत असतो आणि तो पुरेसा उतरला की पुन्हा रांगेत जायचं. अनुभवी माणूस आकडा उतरण्याआधी किल्लीला हात लावत नाही.

थंडीची किंमत

थंडी फुकट मिळत नाही. पहिली अडचण कूलंटची. शून्याखाली जाऊ शकणाऱ्या यंत्रणेत साधं पाणी गोठेल, म्हणून ग्लायकॉल मिसळावं लागतं. निम्मं ग्लायकॉल घातलं की मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत टिकतं, पण त्याची उष्णता साठवण्याची क्षमता पाण्याहून कमी असते. त्याहून मोठा प्रश्न पट्ट्याचा. ग्लायकॉल सांडलं तर अत्यंत निसरडं, पाण्यासारखं उडूनही जात नाही. म्हणून अनेक ड्रॅग पट्ट्यांवर ते चालत नाही. बर्फाच्या टाकीत साधं पाणी असतं आणि ते शून्यापाशी थांबतं, हा तिचा मोठा गुण.

दुसरी अडचण वजनाची. कूलंट जास्त तर साठा जास्त, पण प्रत्येक लिटर हे गाडीनं ओढायचं ओझं. तिसरी ओलाव्याची. दमट हवेत गार पाइपांवर पाणी सुटतं आणि ते टायरच्या वाटेवर टपकू नये म्हणून पाइपांना स्पंजचं आवरण घालावं लागतं. चौथी अडचण सर्वांत जुनी. ताकद वाढली म्हणून पकड वाढत नाही. सुटताना टायरनंच दगा दिला तर मिळवलेले शंभर हॉर्सपॉवर धुरात जातात.

सुरक्षेचा नियमही आडवा येतो. १० सेकंदांच्या आत धावणाऱ्या गाडीला एनएचआरएच्या तेव्हाच्या नियमांनुसार रोल केज, म्हणजे चालकाभोवतीचा संरक्षक सांगाडा, हवा होता. शोरूममधून आलेल्या डीमनमध्ये तो नव्हता, त्यामुळे आहे त्या अवस्थेत ती त्यांच्या शर्यतींतून बाद ठरली. डॉजनं ही बंदी जाहिरातीत मिरवली. २०२३मध्ये त्यांनी ‘डीमन १७०’ आणली तेव्हा ई-८५ या इथेनॉलमिश्रित इंधनावर ताकद १,०२५ हॉर्सपॉवर झाली आणि पाव मैल ८.९१ सेकंदांवर आला. त्यात इथेनॉलचाही हात आहे, कारण इथेनॉलचं बाष्प होताना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषली जाते. इंधनच हवा गार करतं.

या वाटेचं टोक बघायचं तर टॉप फ्युएल वर्गाकडे जावं लागतं. नायट्रोमिथेन पिणारी ही इंजिनं ११,००० हॉर्सपॉवरच्या घरात जातात, गाड्या ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे पळतात. जून २००८मध्ये न्यू जर्सीतल्या एंगलिशटाउन इथं स्कॉट कलिटा या चालकाचा मृत्यू झाला, त्यानंतर या वर्गाचं अंतर १,००० फुटांवर आणलं गेलं. या इंजिनात रेडिएटर नाही, पाणी नाही. ब्लॉक ॲल्युमिनियमच्या भरीव ठोकळ्यातून कोरलेला, पाण्याला वाटच ठेवलेली नाही. सिलिंडरमध्ये बदाबदा ओतलेलं इंधनच थोडंफार गार करतं. चार सेकंदांच्या आत काम संपतं आणि पिटमध्ये परतल्यावर इंजिन पार खोलून नव्यानं जुळवलं जातं.

सारखेपणाचा खेळ

हौशी रेसरांतला मोठा वर्ग ब्रॅकेट रेसिंग करतो. तिथं प्रत्येकानं आपली गाडी किती सेकंदांत जाईल ते आधी जाहीर करायचं. तो आकडा काचेवर पांढऱ्या रंगानं लिहिलेला असतो. हळू गाडीला आधी सोडतात, वेगवान गाडीला नंतर. जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलं तर साधारणपणे हार. तिथं जास्तीत जास्त ताकद कोणाला नको असते. दर धावेला तीच गाडी हवी असते. सकाळी गार हवेत १०.९५ आणि दुपारी ११.०५ असं झालं तर अंदाज फसतो.

म्हणून काही जण पिटमध्ये वेगळी शीतयंत्रणा ठेवतात. चाकांच्या गाड्यावर पंप आणि गार पाण्याची टाकी. इंजिनाला झटकन जोडता येणारे पाइप. धाव संपली की पाइप जोडायचे आणि पाणी ठरलेल्या तापमानाला आणून ठेवायचं. फेऱ्या पुढे सरकतात तसे स्पर्धक निम्म्यानं कमी होतात आणि दोन धावांमधला वेळ आटत जातो. अंतिम फेरीजवळ इंजिनाला विसावा सर्वांत कमी मिळतो आणि चूक सर्वांत महाग पडते. तेव्हा या गाड्याची किंमत कळते.

थंडीचा विचार गाडीपुरता थांबलेला नाही. कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५,८०० फुटांवर असलेल्या बँडिमेअर पट्ट्यावर, २०२३मध्ये तो बंद होईपर्यंत, जुलैच्या उन्हात शर्यती होत. विरळ हवेनं इंजिनं दमायची आणि तापल्या पट्ट्यावर टायरची पकड सुटायची. हवेचं कोणी काही करू शकत नव्हतं. म्हणून सुटण्याच्या जागेच्या काँक्रीटमध्ये नळ्या घालून त्यांतून गार द्रव फिरवण्याची सोय तिथं केली होती. पट्ट्यालाच चिलर!

आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरली आहे. सांता आनासारखीच ही विमानांची पट्टी. सहाशे मीटरांहून अधिक उंची, म्हणजे हवेचा दाब मुंबईपेक्षा सात टक्क्यांच्या आसपास कमी. टर्बो आणि सुपरचार्जरच्या गाड्या तो दाब भरून काढू शकतात, पण त्यासाठी हवा जास्त दाबावी लागते आणि ती जास्त तापते. उष्ण देशातल्या रेसरला चिलरचं गणित डेट्रॉइटच्या रेसरपेक्षा लवकर पटावं.

इंजिन गेलं तरी हे गणित टिकलं आहे. टेस्लाच्या मॉडेल एस प्लेडमध्ये ‘ड्रॅग स्ट्रिप मोड’ आहे. तो लावला की गाडी आधी काही मिनिटं घेऊन बॅटरी आणि मोटर यांचं तापमान जुळवते, मगच पूर्ण ताकद देते. पेट्रोल नाही, सुपरचार्जर नाही. तयारी मात्र तीच.

मग चिलर कोणी लावावा? दादर ते ठाणे रोज गाडी हाकणाऱ्यानं नक्कीच नाही. सर्किटवर वीस मिनिटं सलग पळणाऱ्यालाही त्याचा फारसा फायदा नाही. पहिल्या एक-दोन मिनिटांतच साठा संपतो आणि मग सगळा भार पुन्हा रेडिएटरवर येतो. तिथं मोठा रेडिएटर आणि भरपूर वारा हाच इलाज. ज्याचं काम दहा सेकंदांत संपतं आणि ज्याला त्याआधी दहा मिनिटं मिळतात, त्याच्यासाठीच हे यंत्र आहे.

त्यानं पैसे खर्च केल्यावर फायदा झाला की नाही हे बघायचीही एक रीत आहे. धाव संपल्यावर हातात पडणाऱ्या पावतीवर वेळ आणि शेवटच्या टप्प्यातला वेग असे दोन्ही आकडे छापलेले असतात. मित्रांना दाखवायला वेळ बरी. पण वेळेत चालकाचा पाय, टायरची पकड, पट्ट्याचा चिकटपणा असं सगळं मिसळलेलं असतं. इंजिनानं खरोखर किती जोर लावला ते वेग सांगतो. ताशी १४० मैलांची गाडी १० टक्के ताकद वाढली की १४४च्या पुढे दिसायला हवी. वेळ सुधारली आणि वेग तिथंच राहिला, तर त्या दिवशी टायर चांगले चिकटले एवढंच समजावं. चिलरला श्रेय देऊ नये. वेग वाढला आणि तिसऱ्या धावेतही तो पहिल्याइतकाच राहिला, तर रांगेत घालवलेली मिनिटं वाया गेली नाहीत.